वाट बघण्याची खोली

नकाशे अजून हाताने, मोठ्या फळीवर काढत, त्या दिवसांतली ही गोष्ट. दवाखान्याचं बांधकाम संपत आलं होतं. भिंगरी नकाशाची गुंडाळी काखेत मारून तरातरा आत शिरली आणि बाकावरचा अनोळखी तरुण पाहून थबकली.

"दवाखाना अजून सुरू नाही झाला."

"ठाऊक आहे. मी नुसती वाट बघून बघतोय."

"कुणाची?"

"ते अजून ठरलं नाही…" तो हसला. "मी चित्रकार. समोरची भिंत मला रंगवायची आहे."

आई तिला भिंगरी म्हणायची ते उगाच नाही. ती जेवताना चारदा उठायची, नकाशेही उभ्यानेच काढायची. रोग्यांनी वाट बघत बसायची ही खोली म्हणजे तिचं पहिलं स्वतंत्र काम. आणि हा बाबा रोज येऊन नुसता बाक बदलून बसायचा, ब्रशला हात नाही. ती कामाच्या मिषाने डोकावायची, रागावून निघायची, आणि जिन्यातच वाटायचं— परत जावं.

"उद्घाटन तोंडावर आलंय. रंगवणार कधी?"

"बसा जरा."

"मला वेळ नाही."

"म्हणूनच म्हटलं."

ती बसली, उठायच्या बेतातच. आणि तिच्या लक्षात आलं— तिने हौसेने काढलेली खिडकी बसल्यावर डोक्याच्या वर जाते. समोर कोरी भिंत, बाजूला डॉक्टरांचं दार. नजर फिरफिरून त्या दारावरच आपटत होती. खिडकी तिने उभ्या माणसासाठी बेतली होती; इथे तर लोक बसणार, तेही जीव मुठीत धरून.

"खोली माणसाच्या मनात शिरते," तो हळू म्हणाला. "मी रंगवलेलं झाड कितीही सुंदर असो, जागचं हलणार नाही. या भिंतीमागे खरं झाड आहे. घाबरलेल्या जिवाला हलणारं काहीतरी लागतं."

"म्हणजे भिंतीतच खिडकी? मग तुमचं चित्र?"

"माझं काय… दुसऱ्या गावी एका नाट्यगृहाचं बोलावणं आहे."

त्या संध्याकाळी जेवताना ती ताटावरून एकदाही उठली नाही. भिंत राहिली तर तोही राहील. पाडली तर…

"आज उठत नाहीस ती?" आईने कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाही का?"

सकाळी तिने भिंतीवर खडूने चौकट आखून दिली. गवंडीमामांचा पहिला घाव पडला तो तिच्या काळजातच. चित्रकार आला तेव्हा विटांच्या भगदाडातून पानांचा उजेड आत हलत होता.

"स्वतःचंच काम पाडलंत?"

"चुकलं होतं."

"बरं… मग मी निघतो."

"निघा."

तो दारापर्यंत गेला.

"थांबा—" हा शब्द तिने जन्मात कुणाला म्हटला नव्हता. "भिंत मी दवाखान्यासाठी पाडली, तुम्ही जावं म्हणून नाही. तुम्ही आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आता याचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा."

त्याने पिशवी खाली ठेवली.

"खिडकीचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "सांगितलं असतं, तर त्याच दिवशी जावं लागलं असतं…"

"लबाड."

"आहेच."

"धूळ उडतेय," गवंडीमामा मान वर न करता म्हणाले. "काय बोलायचं ते अंगणात जाऊन बोला की."

दोघं निघाली. ती सवयीने चार पावलं पुढे गेली… आणि मग, तो बरोबरीला येईपर्यंत, हळू चालू लागली.