पलीकडून घेणारा

ऑफिसात सगळे त्यांना 'मिलिमीटर' म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. चाळीस वर्षं पुलांचे नकाशे काढलेल्या या माणसाला अंदाज हा प्रकारच मान्य नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅरेजमधली गाडी रस्त्यावर काढली आणि आत सुतारकाम थाटलं. मुलीला दिवस गेले होते. बाळासाठी पाळणा करायचा होता. रुंद फळ्या हातानं घासून खांदा भरून आला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मशीन घ्या एखादं. नाहीतर पाळणा होईपर्यंत बाळ शाळेत जायला लागेल."

मग मशीन निवडण्याचा अभ्यास सुरू झाला. ड्रम सँडरच्या फिरत्या नळकांड्याला पॉलिश पेपर गुंडाळलेला असतो. फळी अलीकडून आत सारायची, खालचा पट्टा तिला ओढून नेतो आणि ती पलीकडून गुळगुळीत होऊन बाहेर येते. दुकानात मिलिमीटरसाहेबांनी तीन मशीनं पाहिली. एकाचा ड्रम अरुंद, दुसऱ्याचा पट्टा एका अंगाला सरकायचा, तिसरं सुरू होताच थरथर कापायचं. शेवटी जाहिरात वाचून ते एका बाईंकडचं वापरलेलं मशीन बघायला गेले.

मशीन देखणं होतं. त्यांनी बरोबर आणलेल्या फळीवर पेन्सिलीनं नागमोडी रेघा ओढल्या आणि ती आत सारली. "जरा पलीकडून घेता का?"

"नको," बाई पटकन म्हणाल्या. "पलीकडून मी घेत नाही."

फळी आपली आपण पलीकडच्या टेबलावर जाऊन थांबली. साहेबांनी वळसा घालून पाहिलं, तर एकही रेघ उरली नव्हती.

"एवढं चांगलं मशीन का विकताय?"

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आत टीव्ही चालू होता. "यांना ते घरात नकोय."

मशीन गॅरेजमध्ये आलं. पहिल्या दिवशी साहेब फळी सारायचे, मशीनला वळसा घालायचे, टेबलावरून फळी उचलायचे. चौथ्या खेपेला टेबल रिकामं होतं. फळी भिंतीला टेकवून उभी होती. आपणच ठेवली असणार, असं म्हणून त्यांनी काम पुढे चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा फळ्या एकावर एक रचलेल्या सापडल्या. कडा तंतोतंत जुळवलेल्या, आणि हवा खेळावी म्हणून प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घातलेल्या. साहेबांना हे करायचं असतं, हेही माहीत नव्हतं.

"तू गॅरेजमध्ये आली होतीस?"

"मी कशाला येऊ? त्या भुशानं मला शिंका येतात."

खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरंही वाटलं. काम झपाझप होत होतं. तिसऱ्या दिवशी मात्र फळी सारताना हाताला ओढ जाणवली. पट्ट्याची ओढ एकसारखी असते, ही तशी नव्हती. समोरच्यानं 'सोडा आता, धरलीय मी' म्हणावं, तसा एक हलका हिसका. पुढच्या फळीला तो जरा जोरानं बसला.

त्यांनी मशीन बंद केलं आणि बाईंना फोन लावला.

"तुम्ही हे मशीन दोघं मिळून चालवायचात का?"

"हो. मी सारायचे, हे पलीकडून घ्यायचे."

"आणि आता?"

"आता ते शिवतही नाहीत मशीनला. दिवसभर समोर बसून असतात. जेवतात, टीव्ही बघतात." बाईंचा आवाज अगदी खाली आला. "तुमच्याकडे फळ्या नीट रचलेल्या असतात का हो? मध्ये पट्ट्या घालून?"

साहेबांनी रचलेल्या फळ्यांकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले.

पलीकडे बाई रडायला लागल्या. रडता रडता एवढंच म्हणाल्या, "तिथे पलीकडून घेतात त्यांना सांगाल का, की मला विकायचं नव्हतं म्हणून?" मागून कुणीतरी पुरुषानं काहीतरी विचारलं, आणि फोन ठेवला गेला.

दुपारचे चार वाजले होते. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. पाळण्याची एकच फळी राहिली होती. दुसरा कुणी असता तर कुलूप लावून घरात गेला असता. पण जे मोजून पाहिलं नाही, ते मिलिमीटरसाहेबांना कसं पटणार?

त्यांनी मशीन सुरू केलं. फळी सारली. ती अर्धी आत गेली, तसे ते धावत वळसा घालून पलीकडे गेले.

पलीकडे कुणीच नव्हतं.

फळीचं टोक बाहेर येत होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, फळी पूर्ण बाहेर घेतली आणि स्वतःशीच हसले.

मग पट्ट्यावर दुसऱ्या फळीचं टोक दिसलं.

ही फळी त्यांनी सारली नव्हती. ती पडू नये म्हणून त्यांनी तीही घेतली. हातात गरम, गुळगुळीत, खरी फळी.

ते अलीकडे यायला निघाले. चार पावलं, वळसा, पुन्हा चार पावलं. समोर तोच पट्टा होता आणि त्यावर बाहेर येणारं तिसऱ्या फळीचं टोक.

दार वाजलं. बायको चहा घेऊन आली होती. नाकाला पदर लावलेला.

"अगं, बघ ना," ते म्हणाले. "अगं!"

तिनं मान वळवली नाही. ती मशीनच्या अलीकडे जाऊन उभी राहिली. मधल्या झाकणामुळे साहेबांना तिचा चेहरा आणि एक हात तेवढा दिसत होता. त्या हातानं ती कुणाच्या तरी खांद्यावरचा भुसा झटकत होती.

"झाला एकदाचा पाळणा?" तिनं विचारलं. उत्तर ऐकलं. तिचा चेहरा उजळला.

"किती दिवसांनी माझ्याशी असं नीट बोललात हो," ती म्हणाली.