कोपराची खूण

मी अहमदपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या घरात अंगारे-धुपारे, नवस, उतारे यांना उंबऱ्याच्या आत जागा नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं बाहेर गेलं. त्यामुळे पुढचं वाचून मला खोटारडा म्हणा हवं तर, पण भोळा म्हणू नका.

माझी भाची लुंबिनी पगारी सायकलपटू आहे. सायकल चालवणं हीच तिची नोकरी. एका संघाशी करार, तोही वर्षावर्षाचा. यंदा संघवाल्यांनी तोंडावर सांगितलं होतं की लातूर-नांदेड शर्यत जिंकलीस तर करार पुढे चालू, नाही तर सामान आवर. पोरीला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही. ती घाबरली होती, आणि मी तिच्याहून जास्त.

जानेवारीत नांदेडकडे जाताना वारा थेट तोंडावर येतो. सायकलवाल्यांचा खरा वैरी वाराच. म्हणून ती माणसं एकमेकांच्या चाकाला चिकटून चालतात. पुढचा वारा खातो, मागचा त्याच्या आडोशाला दम घेतो. पुढचा थकला की उजवं कोपर झटकतो आणि डावीकडे सरकतो. म्हणजे आता तुझी बारी. मागच्याने निमूट पुढे यायचं. नुसता आडोसा खाऊन शेवटी उडी मारणाऱ्याला पुन्हा कुणी चाक, म्हणजे आपल्या मागचा आडोसा, देत नाही. हे कुठल्या नियमावलीत नसेल, पण लुंबिनीला मी ते मोडताना कधी पाहिलं नव्हतं.

शर्यतीच्या आधी आम्ही माळाकोळीच्या पुढच्या सरळ रस्त्यावर सरावाला गेलो. दुपार होती. ती सायकलवर, मी केळी आणि थर्मास घेऊन मोटारसायकलवर मागे. दोन्ही बाजूंना ज्वारी. बराच वेळ एकटीने वारा खाऊन ती दमली, आणि निव्वळ सवयीने तिनं उजवं कोपर झटकलं. डावीकडे सरकलीसुद्धा.

"कुणाला बोलावतीस गं?" मी ओरडलो. "मागं शेळ्याच हायेत."

ती हसली नाही. जरा मागे रेंगाळली, मग पुन्हा मधे आली आणि खाली वाकून चालवू लागली. नजर हातभर पुढे, जिथे दुसऱ्याचं मागचं चाक असतं तिथे. वेग तोच होता, पण पाय हलके पडत होते. कडेची ज्वारी आमच्या अंगावर झुकलेली होती आणि माझ्या शर्टाच्या बाह्या फडफडत होत्या. तिची वेणी मात्र पाठीवर निवांत पडली होती.

लोह्याला चहाला थांबलो.

"मामा, वारं लागत न्हवतं मला."

"खोलगट रस्ता असंल."

"चाकाचा आवाज येत व्हता पुढून." तिनं कप खाली ठेवला. "अन् मधी एकदा त्यानं बारी मागितली. दिसलं काई न्हाई. उजव्या दंडाला नुसतं वारं लागलं. मग गेले मी पुढं."

"साखर कमी झाली तुझी," मी म्हणालो. "केळं खा."

तिनं खाल्लं. मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, वाऱ्याची दिशा, रस्त्याचा उतार सगळं मांडलं आणि शेवटी कागद फाडून टाकला.

शर्यतीच्या दिवशी जादा चाक घेऊन मी मोटारसायकलवर तिच्या मागे होतो. अहमदपूर ओलांडल्यावरच्या चढावर ती घोळक्यातून सुटली. पुढे मोकळा रस्ता आणि समोरून वारा. थोडं अंतर तिनं एकटीने ओढलं. मग मान वळवून माझ्या पलीकडे कुठेतरी पाहिलं आणि कोपर झटकलं.

मी मागे वळून पाहिलं, घोळका बराच लांब होता.

वेणी पाठीवर पडली. काही वेळाने ती पुढे सरकली, वेणी उडू लागली. पुन्हा कोपर. पुन्हा वेणी शांत. त्यांच्या बाऱ्या चालल्या होत्या. लोहा मागे पडलं तेव्हा घोळका दिसेनासा झाला होता.

सोनखेडनंतर तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. घोळका पुन्हा दिसू लागला, रंग ओळखू येण्याइतका.

वेणी शांत होती.

अचानक तिनं उजवा दंड आखडून घेतला. पुढे गेली नाही. परत दंड आखडला. आता मान हलवली, नाही म्हणून.

मी गाडी शेजारी घेतली. "जा ना पुढं," मी म्हणालो. मी, फिजिक्सचा मास्तर.

"न्हाई जात. पाय संपले, मामा."

"अगं, बारी तुझी हाय."

"करार पाहिजे मला." तिचे डोळे त्या रिकाम्या जागेवरून हलले नाहीत. "शेवटाला एकदाच निघते."

हातातोंडाशी आलेला घास होता. मी गाडी मागे घेतली.

नांदेडात शर्यत संपायची कमान दिसेपर्यंत तिनं आडोसा सोडला नाही. मग उजवीकडून निघाली आणि पुढे गेली.

जिंकली. हार पडले, फोटो झाले, कराराचं पक्कं झालं.

संध्याकाळी माझ्या बहिणीच्या, ज्योत्स्नाच्या घरी आम्ही वंदनेला बसलो. थंडी होती म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या. लुंबिनी बुद्धमूर्तीसमोर मांडी घालून बसली. ज्योत्स्नानं मेणबत्ती लावली. ज्योत लुंबिनीकडे आडवी झाली आणि विझली. तिनं परत लावली, परत विझली.

"आनंद, पंखा बंद कर की," ज्योत्स्ना म्हणाली.

पंखा बंदच होता.

लुंबिनीनं वर पाहिलं नाही. तिनं उजवं कोपर हळूच झटकलं आणि चटईवर डावीकडे सरकून जागा केली. जरा थांबली. पुन्हा झटकलं.

मी तिच्या मागे बसलो होतो. तिची वेणी पाठीवरून उचलली गेली होती, ती खाली आली नाही.