इनास सुताराचा बंगला

वाऱ्याने छत्री उलटी केली आणि क्षितिजा धावतच उमेळे गावातल्या बंगल्याच्या पोर्चमध्ये शिरली. समोर एक तरुण टॉवेल घेऊन उभा होता.

“रूम बुक आहे?”

“नाही. छप्पर तपासायला आलेय. मी आर्किटेक्ट.”

“मग आधी केस पुसा. छपराला घाई नाही.”

तो ॲल्रॉय. तीन वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या वडिलांनी, रेमंडने, या दुमजली घराचं हॉटेल केलं होतं. जिना चढताना त्याने पाहुण्यांना सांगायची गोष्ट तिलाही ऐकवली. चारशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज कप्तानाने म्हणे हा बंगला प्रेयसीसाठी बांधला.

क्षितिजा हसली. “मग कप्तानाने लोखंडी गर्डर कुठून आणले? आणि ही मंगलोरी कौलं? ती पोर्तुगीज गेल्यावर सव्वाशे वर्षांनी आली.”

“सगळ्यांचीच प्रेमप्रकरणं अशी मोडता?”

“फक्त खोटी.”

तो तिच्याकडे बघत राहिला… जरा जास्तच वेळ.

दुरुस्ती तीन आठवडे चालली. चहा घेऊन तो स्वतःच माळ्यावर यायचा. एकदा दोघं टॉर्च घेऊन वाकले होते, आणि तुळईवर कोरलेली अक्षरं दिसली – ‘इनास सुतार, १९३४’.

“पणजोबा…” ॲल्रॉय पुटपुटला.

खाली येऊन सांगितल्यावर रेमंडने मात्र मान खाली घातली. “सुताराच्या घरात राहायला कोन येनार, बाय? कप्तान राहू दे.”

दारावर घराचा इतिहास सांगणारी पाटी लागणार होती आणि तिचा मजकूर क्षितिजाच लिहिणार होती. “कप्तान असेल तर खाली माझं नाव नको,” ती ॲल्रॉयला म्हणाली. तो वडिलांकडे बघत गप्प राहिला. तिने बॅग उचलली.

आठ दिवस त्याचा फोन नाही. तिने मोबाइल कितीदा उघडून पाहिला, तिलाच ठाऊक. मग रविवारी मेसेज आला – ‘चारला या. छप्पर गळतंय.’

छप्पर गळत नव्हतं. बाल्कनीत पाहुणे बसले होते आणि रेमंड सांगत होता. इनास दुसऱ्यांचे बंगले बांधायचा. उरलंसुरलं लाकूड जमवून त्याने कॅथरिनसाठी हे घर उभं केलं. कौलं चढली तेव्हाच लग्न झालं. सहा वर्षं थांबली ती. सांगताना रेमंडचा आवाज आधी अडखळला, मग मोकळा झाला. एक वयस्क बाई उठल्या आणि कठड्याच्या नक्षीवरून हळूच हात फिरवू लागल्या.

“पप्पांना तयार करायला आठ दिवस लागले,” ॲल्रॉय तिच्या शेजारी येऊन म्हणाला. “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

“हवं होतं.”

“मग आता बोलतो. पणजी-पणजोबा सहा वर्षं थांबले. मला… मला तेवढं जमणार नाही, क्षितिजा.”

तिने बाहेर पावसाकडे पाहिलं. “माझ्या बाबांना समजवायला वेळ लागेल.”

“किती?”

“माहीत नाही. शनिवारी विरारला ये, घरी. बघू.”

“‘ये’ म्हणालीस.”

तिच्याही ते आत्ताच लक्षात आलं होतं.

“हो,” ती म्हणाली, आणि कठड्यावरचा हात त्याच्या हाताजवळ सरकवला.