एका रजईपुरती पिसं

आस्लाउगआत्याला स्वतःसाठी एक रजई हवी होती. जन्मभर तिने आयडर या समुद्री बदकांची घरट्यातली पिसं वेचून दुसऱ्यांना रजया शिवून दिल्या आणि स्वतः जुन्या घोंगडीत कुडकुडली. आता कंबर धरली होती. "यंदा शेवटचं," म्हणाली. म्हणून मी आणि माझा नवरा आयलेर्ट तिला घेऊन सगळ्यात लांबच्या खडकाळ बेटाकडे निघालो.

जुलैचा समुद्र झोपल्यासारखा पडला होता. बेटावरून पिल्लांना घेऊन बदकं केव्हाच गेली होती. रिकाम्या घरट्यांतली राखाडी पिसं उचलली तर हाताला वजन लागत नव्हतं, पण तळवा लगेच ऊबदार होई. बदकांसाठी काठाजवळ फळ्यांची खोपटं उभारलेली होती; त्यातल्या एकात उशिरा बसलेली एक मादी तेवढी अंडी उबवत होती, म्हणून आत्या आम्हाला कुजबुजायला लावत होती. पोतं भरलं, तोवर धुकं उतरलं.

होडी ओढताना आयलेर्टचा पाय सटकला. गेला पाण्यात! ओहोटी त्याला खोल समुद्राकडे नेऊ लागली. मी दोर फेकला. हुकला. पुन्हा फेकला. त्याने धरला! त्याला बाहेर ओढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. जरा वेळाने त्याची थरथरही थांबली, म्हणजे अंगातली ऊब संपत आली होती. धुक्यात खडकांमधून होडी हाकता येत नव्हती. काडेपेटी त्याच्याच खिशात भिजून गेली होती.

वारा लागू नये म्हणून मी त्याला होडीत, पिसांच्या पोत्यावर निजवलं.

"अगं, काय करतेस?" आत्या दबक्या आवाजात खेकसली. "अंगाखाली दबलेली पिसं काय कामाची? त्यांच्यातली हवाच तर ऊब धरते. आणि खाली होडीचं ॲल्युमिनियम, ते ह्याची सगळी ऊब समुद्राला देऊन टाकेल. रिकाम्या खोपटाच्या फळ्या आण. वाळलेलं समुद्रगवत आण. त्याचे कपडे काढ. तुझेही."

"माझे?"

"तिच्याकडे बघ." आत्याने मादीकडे बोट दाखवलं. "छातीवरची पिसं उपटते आणि उघडी कातडी अंड्यांना लावते. लाजतेस काय, मला कुठे धड दिसतंय!"

खाली फळ्या, त्यावर गवत. त्याला पुसून मी छातीशी धरलं. आत्याने पोतं उसवून सगळी पिसं आमच्यावर अलगद पसरली आणि वरून होडीतलं शिडाचं कापड ओढलं. धुक्यात आकाश कुठे, पाणी कुठे, काही कळेना. त्याचं थंडगार अंग माझी ऊब पीत होतं. मादी आमच्याकडे न हलता बघत होती. आम्हीही कुणाची तरी अंडी आहोत असं मला वाटू लागलं. मग तो थरथरला, आणि मी रडले.

"आत्या," तो पुटपुटला, "कॉफी नाही का गं?"

"मेल्या, जिवंत आहेस तर."

वारा सुटला, धुकं फाटलं. आम्ही उठलो तशी पिसं उडाली आणि समुद्रावर पसरत गेली. उरली ती ओली, गोळा झालेली. आत्या बघत उभी राहिली.

"त्या मादीच्या घरट्यात आहेत की अजून," आयलेर्ट ओशाळून म्हणाला.

"राहू देत," आत्या म्हणाली. "तिचं काम अजून चालू आहे. माझ्या रजईचं झालं."