दसऱ्याची माय

"लेकरू झोपलं काय जी? मंग जरा आत सरकवा, झड येऊन राह्यली."

अकोल्याहून पॅसेंजर नुकतीच सुटली होती. बाहेर श्रावणातली झिमझिम, खिडकी काही केल्या बंद होईना, आणि माझ्या शेजारी बाकावर गोधडीत गुंडाळलेलं गाठोडं. समोरचा तरुण त्या गाठोड्याकडे फार मायेनं पाहत होता. मी काही बोलणार, एवढ्यात गाडीनं धक्का दिला आणि गोधडीतून आवाज आला... टिण्!

तो दचकला. मग इतका हसला, की पलीकडच्या बाकावरची माणसंही हसायला लागली.

"टाइपरायटर आहे," मी जमेल तितक्या कोरडेपणानं म्हटलं.

"बिमार हाय?"

"एक अक्षर उठत नाही. अकोल्याचा कारागीर गावाला गेलाय म्हणे. हेलपाटा फुकट गेला."

"कोणतं अक्षर?"

"ळ."

"मंग काय बिघडलं, बाप्पा! आमच्याइकडं ते लागतेच कुठी?"

मला राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून मी खिडकीबाहेर पाहत बसले.

त्याचं नाव चंद्रभान. अकोल्याच्या एका कापूस-जिनिंगच्या कचेरीत कारकून. आई मूर्तिजापूरजवळच्या गावी, वावर सांभाळून. कचेरीतलं मशीन सारखं अडायचं, म्हणून यानं एका सुट्टीत ते उघडलं, पुसलं, परत जोडलं, आणि काय आश्चर्य, एकही स्क्रू उरला नाही! तेव्हापासून शेजारच्या कचेऱ्यांतून बोलावणी यायला लागली होती.

"नोकरी सोडून हेच का करत नाही?" मी विचारलं.

"नोकरी म्हंजे भाकर जी, अन् हे ठेचा. नुसत्या ठेच्यानं पोट भरत नाई. पण ठेच्याबिगर भाकर उतरते काय? रविवारी-रविवारी कुठी बसाले जागा भेटली, त रीतसर धंदा सुरू करतो."

मूर्तिजापूर आलं. त्याला तिथंच उतरायचं होतं. गाडी थांबली, चहावाला ओरडून गेला, गाडी सुटली... आणि तो आपला गोधडीची गाठ सैल करून मशीनमध्ये डोकावत बसला होता.

"तुमचं स्टेशन गेलं," मी म्हटलं.

"जाऊ द्या. ते कुठी पयून जाते?"

अमरावतीला राजापेठेत आमचा टायपिंगचा क्लास होता. क्लास माझा, पण दरारा बाबांचा. बाबा म्हणजे खुशालराव मास्तर, रिटायर झाले तरी मास्तरच. चांदूर रेल्वेकडच्या काळ्या मातीतून शिकून वर आलेले, आणि त्या मातीतली एक गोष्ट त्यांनी उंबऱ्याबाहेरच ठेवलेली — बोली. आमच्या घरात 'मले-तुले'ला बंदी होती. लहानपणी तोंडातून 'काहून' निघालं, की मला पाटी भरून 'का' लिहावं लागे. आई होती तोवर ती चोरून बोलायची, मी चोरून ऐकायची. ती गेली आणि घर अगदी शुद्ध झालं.

अशा घरात चंद्रभाननं पाऊल टाकलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "रामराम मास्तर, मशीन पाह्याले आलो."

बाबांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. पण मशीन दुरुस्त झालं. 'ळ' टकाटक उठायला लागला. परीक्षा जवळ आली होती, भाषावार राज्य झाल्यापासून मराठी टायपिंग शिकणाऱ्यांची रीघ लागलेली, आणि आमची मशीनं पार थकलेली. नाइलाजानं बाबांनी दर रविवारी पुढच्या ओसरीचा कोपरा त्याला दिला. त्यानं हौसेनं पाटी रंगवून आणली, 'टाइपरायटर दुरूस्ती'. बाबांनी खडूनं 'रू'वर फुली मारली.

"आधी पाटी दुरुस्त करा, मग मशीनं."

त्यानं मुकाट्यानं पाटी पुन्हा रंगवली. धंदा मात्र तिथंच मार्गी लागला. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट यायला लागले, वकील यायला लागले. सहा दिवस अकोल्याला नोकरी आणि सातव्या दिवशी आमच्या ओसरीत मशीनं धुण्याच्या रॉकेलचा वास. मला तो वास आवडायला लागला, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

बाबा दुपारी झोपले, की मी त्याची शिकवणी घ्यायची.

"म्हणा, केळी."

"केयी."

"माळ."

"माय."

"डोळे!"

त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "डोये..." हळूच म्हणाला, आणि नजर काही हलवेना. शिकवणी तिथंच संपली. पुढं मीच त्याची भाषा शिकून घेतली. तो 'य' म्हणाला, की मी मनातल्या मनात 'ळ' करून घ्यायची. मला वाटायचं, आता याचं सगळं मला कळतं!

दसरा जवळ आला आणि बाबांनी नागपूरचं स्थळ आणलं. "मुलगा सरकारी नोकरीत आहे. बोलणं अगदी पुस्तकातलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतील पाहायला." मी चंद्रभानला सांगितलं. मुद्दामच सांगितलं. तो तेलाची कुपी धरून बसला होता. तेल मशीनवरून टेबलावर आलं, टेबलावरून त्याच्या पायजम्यावर. जाताना दारात घुटमळला.

"दसऱ्याले... माय घेऊन येतो."

मी याला स्थळाचं सांगते आणि याला मशीनांच्या पूजेची माळ आठवते! फणकाऱ्यानं म्हटलं, "एवढ्या मशीनांना एक कशी पुरेल?"

तो गोंधळला. "एकच हाय जी."

"मग निदान मजबूत तरी असू द्या. वाटेत तुटायला नको."

"तुटत नाई," तो गंभीरपणे म्हणाला. "लय चिवट हाय."

त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलले नाही. मनात एकच घोळत होतं, हा माणूस मला झेंडूच्या भावात सोडून चाललाय... आणि तरीही रविवारी ओसरी रिकामी राहिली तर मी काय करणार होते?

दसऱ्याला सकाळी मी मशीनं पुसत होते. विटकी साडी, कोपरापर्यंत काळे हात. दारात टांगा थांबला. चंद्रभान उतरला. पांढरा स्वच्छ सदरा, हात रिकामे.

"माळ कुठाय?" मी ओरडले.

"हे काय... आणली न!"

त्यानं हात दिला आणि टांग्यातून एक ठेंगणी, काटक बाई उतरली. हिरवं नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हातात आपट्याची डहाळी. मी तशीच उभी राहिले, फडक्यासकट. माय! अग बाई... याची माय!

बाबा बाहेर आले. चंद्रभानची आई, वच्छलाबाई, उंबऱ्याशीच थांबल्या.

"मास्तर, मले गोल-गोल बोलता येत नाई. माह्या पोरासाठी तुमची पोरगी मांगाले आली. पोरगं दोन-दोन कामं करते, दोन्ही इमानानं करते. बोलणं तेवढं आमचं असं हाय. ते काई दुरुस्त होत नाई."

मला नागपूरचं स्थळ दिसायला लागलं, पुस्तकातलं बोलत येणारं. बाबा त्या हिरव्या लुगड्याकडे, त्या डहाळीकडे पाहत राहिले. त्यांची माय दसऱ्याला अशीच दारात उभी राहायची, असं आईनं मला कधीतरी चोरून सांगितलं होतं.

"काहून उभ्या राह्यल्या बाई?" बाबा म्हणाले. "या न आत. बसा."

माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. बाबांना स्वतःलाही उशिरानं कळलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळून, जन्मात पहिल्यांदा, म्हणाले,

"सरोजिनी... तुले काय वाटते व?"

रडू दाटून आलं होतं. काळ्या हातांनी डोळे तरी कसे पुसणार!

"मले... मले पसंत हाय, बाबा."

बाबांनी वच्छलाबाईंच्या हातून आपट्याचं पान घेतलं आणि दोघं आत गेले. ओसरीत आम्ही दोघं आणि पुसलेली मशीनं उरलो.

"पूजेला माळ नाहीच ना शेवटी?" मी नाक ओढत म्हटलं.

चंद्रभान जवळ आला. घसा खाकरला. गाडीत बसून अकोल्यापासून घोकत आला होता म्हणे.

"माळ," तो म्हणाला, अगदी स्वच्छ, ठसठशीत, "ते त तुमी घालाची असते. माह्या गळ्यात."