मागच्या चाकावरचं वजन

मोटरसायकलवर मागे माणूस बसला की गाडीची मागची बाजू खाली बसते. किती बसते ते मोजता येतं. ही मोजायची रीत मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळली. कॉलेजच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं पुस्तकं सांभाळली. यंत्रातलं मला काही समजतं असा माझा दावा नाही. पुढे लिहिलेल्यात काही चूक असेल तर ती माझीच असणार. पण टेप मेकॅनिक कामिलच्या हातात होती, आणि कामिल मोजण्यात चुकत नाही.

गाडी विजयसिंहची. तो माझा कॉलेजपासूनचा मित्र. नव्वद किलोचा, मोठ्याने हसणारा, लग्न न केलेला. हंपी, गोकर्ण, कन्याकुमारी, सगळं त्याने याच गाडीवर केलं. परत आला की आमच्या घरी बसून प्रवास सांगायचा आणि माझी बायको निशिगंधा चहा गार होऊ देत ऐकायची. मी पुस्तकातून मान वर काढत नसे. पण पानही उलटत नसे.

गेल्या दिवाळीत तो झोपेतच गेला. त्याच्या भावाने गाडी विकायला काढली, ती मी घेतली. निशिगंधाला मागे बसवून मलकापूरवरून आंबा घाटात न्यायचं, एवढंच मनात होतं. तिला आठवावा असा एक तरी प्रवास माझ्यासोबतचा असावा.

पहिल्याच दिवशी राजारामपुरीतल्या गतिरोधकावर मागून खाडकन आवाज आला. सकाळी एकटा गेलो तेव्हा तोच गतिरोधक कळलाही नव्हता.

"मागच्या खाचा वाढवून घ्या," निशिगंधा मागून म्हणाली. "पाचवीवर ठेवा."

"तुला काय माहीत?"

"ऐकलेलं असतं माणसानं."

दुसऱ्या दिवशी गाडी कामिलकडे नेली. राजारामपुरीतल्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. पन्नाशीचा माणूस, एकटाच काम करतो. विजयसिंहची गाडी पंधरा वर्षं त्यानेच बघितली. मागच्या शॉकअपच्या तळाला एक कडं असतं, त्याला पाच खाचा. कडं फिरवलं की स्प्रिंग दबून कडक होते. एकट्यासाठी खालची खाच, मागे माणूस असेल तर वरची.

"पाचवीवरच हाय की," कामिल वाकून म्हणाला. "विजयदादांची कायम पाचवीवर. म्या म्हनायचो, दादा, एकटं फिरताय, कशाला कंबर मोडून घेताय? नुसतं हसायचे."

"वजनदार होता तो," मी म्हणालो.

"त्यांच्या वजनाला तिसरी बास हुती, सर. पाचवी म्हंजी मागं आजून पन्नासभर किलो पायजे."

निशिगंधाचं वजन एक्कावन्न किलो आहे. डॉक्टरांकडच्या काट्यावर मीच वाचलं होतं.

एखाद्याने हसून सोडून दिलं असतं. मला ते जमलं नाही. गुरुवारी ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं असायचं. चौतीस वर्षांत गुरुवार किती झाले, ते मी घरी चालत येताना मोजत होतो.

जेवताना मी विचारलं, "तू विजयच्या मागे कधी बसली होतीस?"

तिने भाकरी मोडली. "तुम्ही कुठं नेलं होतं मला?" एवढंच म्हणाली, आणि आमटी वाढली.

याला उत्तर म्हणावं की नाही, ते मला ठरवता आलं नाही. पुन्हा विचारायचं धैर्य झालं नाही. बायकोला विचारायचं ते मी टेपला विचारायचं ठरवलं.

पाचवीवरही गाडी आपटत होती, म्हणून कामिलने जाड तारेच्या नव्या स्प्रिंग बसवल्या. शनिवारी सकाळी मी निशिगंधाला घेऊन गेलो. त्याने सीटखालच्या पत्र्यावर खडूची रेघ मारली, गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि चाकाच्या आसापासून रेघेपर्यंत टेप लावली. चोपन्न सेंटिमीटर. मग गाडी स्टँडवरून उतरवली, पुढून हँडल धरलं आणि मला बसवलं. माझ्या वजनाने बावन्न.

"झ्याक. आता डबलसीटला पन्नास आला पायजे. वहिनी, बसा की."

निशिगंधा एका बाजूला पाय सोडून बसली. गाडी खाली गेली. जातच राहिली.

कामिलने एका हाताने हँडल धरून, वाकून टेप लावली. साडेशेचाळीस.

"उतरा वहिनी."

बावन्न.

"बसा."

साडेशेचाळीस.

त्याने स्प्रिंग हाताने चाचपल्या. मग शेजारच्या बांधकामावरून सिमेंटचं पोतं आणून माझ्या मागे ठेवलं. पन्नास किलोचं, शिवण न उसवलेलं.

टेप बरोबर पन्नासवर.

"स्प्रिंग चांगली हाय, सर," कामिल हळू म्हणाला. पोतं उतरवताना तो निशिगंधाकडे बघत नव्हता.

"मग फरक कशाचा?"

"साडेतीन सेंटिमीटर म्हंजी..." त्याने हाताला लागलेलं सिमेंट पुसलं. "आजून एक मानूस. नव्वद किलोचा तरी."

रस्त्यावरून रिक्षा गेली. समोरच्या क्लासची मुलं वडापाव खात उभी होती. ऊन चांगलं चढलं होतं. निशिगंधा पदराने मान पुसत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होतो. चहा गार होत असतानाचा तो चेहरा.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो राग. मी पैसे मोजून ही गाडी घेतली होती. पुढच्या सीटवर मी बसलो होतो.

"पुन्हा बस," मी तिला म्हणालो.

ती बसली. गाडी दबली.

"सर, राहू दे. घरला जावा," कामिल म्हणाला.

"तू टेप धर."

त्याने एका हातात हँडल आणि एका हातात टेप धरली. मी उतरलो. मला बघायचं होतं. तिच्या एकटीच्या वजनाने किती बसते, एवढंच बघायचं होतं. मी उतरल्यावर गाडी निदान सेंटिमीटरभर तरी वर यायला हवी होती.

टेप हलली नाही.

पुढच्या सीटचा फोम दबलेलाच राहिला.

"कामिल, किती?"

टेप सुटून त्याच्या हातात गुंडाळली गेली. मग त्याने दुसराही हात हँडलवरून काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरला.

गाडी पडली नाही. स्टँड दुमडलेलाच होता. दोन चाकांवर, निशिगंधाला घेऊन, ती सरळ उभी होती.

गॅरेजच्या भिंतीवर लाल उजेड पडला होता. दिवसा ब्रेक दाबल्याशिवाय मागचा दिवा लागत नाही, एवढं मला आता समजतं.

"निशा," मी म्हणालो. या नावाने मी तिला कितीतरी वर्षांत हाक मारली नव्हती. "उतर."

तिने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. साडीचा घोळ चाकात जाऊ नये म्हणून गुडघ्याखाली दाबला. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आनंदानेही नाही. घराची किल्ली शेजारी ठेवल्याचं सांगावं, तसं.

"तुम्ही रिक्षानं या," ती म्हणाली.

भिंतीवरचा लाल उजेड गेला.