वायर नसलेला दिवा

संताजीरावांच्या मते मूर्ख मेकॅनिक ओळखायची खूण एकच. डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा पेटला की तो बिघाड शोधत नाही, मागे हात घालून बल्ब काढून घेतो. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक खूश, आणि गाडी आठ दिवसांनी भर रस्त्यात बंद. चेन्नईतले निम्मे मेकॅनिक या पंथाचे आणि उरलेले निम्मे त्यांचे गुरू, असं ते चेन्नईबाहेरच्या ओरगडमच्या चहाच्या टपरीवर मोठ्याने सांगत. ऐकणाऱ्यांत दोन-तीन मेकॅनिक असतच.

तिथल्याच एका मोटारीच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं वायरिंग केलं होतं. निवृत्तीनंतर कारखान्याच्याच रस्त्याला गॅरेजसाठी पत्र्याची शेड घातली. घराणं तंजावरचं, घरात मराठी तीनशे वर्षांपूर्वीची. कारखान्यात बदलून आलेले पुण्याचे लोक त्या मराठीला हसत, आणि संताजीराव पुण्याच्या लोकांना. तसं पाहिलं तर ते सगळ्यांनाच हसत. डॉक्टर, ज्योतिषी, इंजिनिअर मंडळी, कुणीच त्यातून सुटत नसे.

शेषगिरींची गाडी टेम्पोवर लादून आली. सत्त्याण्णव सालची, निळी, इंजिन तडकलेलं. शेषगिरी चेन्नईत नुंगंबाक्कमला राहणारे निवृत्त प्राध्यापक. दम्यामुळे ते वाक्याच्या मधेच थांबत. गाडी मोडीत घालायला त्यांचं मन होत नव्हतं. तसलं इंजिन आता मिळत नाही. मिळालं ते आणखी जुनं, कार्ब्युरेटरचं, ज्याला कंपनीने गाडीत बसवलेल्या संगणकाची गरजच नसते. ठरलं असं की इंजिन गुरुमूर्तीने बसवायचं, आणि संताजीरावांनी संगणक उपटून सगळं वायरिंग नव्याने करायचं.

गुरुमूर्ती सत्तरीचा. कपाळभर विभूती फासल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे, आणि दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी चार चाकांखाली चार लिंबं चिरडूनच रस्त्याला लागली पाहिजे असा त्याचा हट्ट. संताजीराव त्याला तोंडावर अडाणी म्हणत. पण इंजिनावर असा हात दुसऱ्या कुणाचा चालत नव्हता, म्हणून अकरा वर्षं दोघं एकत्र काम करत होते.

संगणक डाव्या बाजूला, गालिच्याखाली होता. ॲल्युमिनियमची पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. संताजीरावांनी ती काढली, तिच्यामागचं मनगटाएवढं वायरींचं जुडगं ओढून काढलं आणि दोन्ही भंगाराच्या पिंपात टाकली. मग प्लायवूडच्या फळीवर खिळे ठोकून त्यांनी नवं वायरिंग बांधलं. मोजून चौदा वायरी. बांधताना ते गुरुमूर्तीला ऐकवत होते, की शहाण्या माणसाला चौदा पुरतात, कंपनीच्या शहाण्यांना दोनशे लागतात.

डॅशबोर्डवरच्या बिघाडाच्या दिव्याला दोन टोकं असतात. एकाला चावीकडून वीज येते, दुसरं संगणकाला जातं. संगणक गेला, तेव्हा दुसरं टोक मोकळंच राहिलं. एका टोकावर दिवा पेटत नाही, हे पाचवीतलं पोरही सांगेल.

इंजिन चालू केलं, आणि दिवा मिचकला. एकदा. थोडं थांबून दोनदा. परत एकदा, आणि दोनदा.

या जुन्या गाड्यांचा संगणक आपली तक्रार अशीच मिचकून सांगत असे. एकदा आणि दोनदा म्हणजे बारा. आकड्यांचे अर्थ कंपनीच्या पुस्तकात, आणि त्याची झेरॉक्स संताजीरावांच्या खणात. बारा म्हणजे तक्रार नाही.

त्यांनी मोकळ्या टोकाला मीटर लावला. मीटरने काही दाखवलं नाही. मीटर दाखवत नाही ते नसतंच, हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य. पण समोर ते नसलेलं काहीतरी मिचकत होतं. कुठेतरी वायर वायरीला चिकटली असणार म्हणून त्यांनी दिवसभर शोधलं. काही सापडलं नाही. दुसरा कुणी असता तर बल्ब काढून मोकळा झाला असता. संताजीरावांनी काढला नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी शेषगिरी बघायला आले, हौसेने स्टिअरिंगवर बसले. दिवा एकदा मिचकला, मग तीनदा. संताजीरावांनी सहज पुस्तक उघडलं. तेरा: हवा कमी पडते. शेषगिरींनी खिशातून दम्याचा पंप काढून तोंडाला लावला होता. संताजीरावांना मनापासून हसू आलं.

मंगळवारी दुपारी गुरुमूर्ती ब्रेकचं पॅडल तपासायला सीटवर बसला. दोनदा. चारदा.

चोवीस: ठोके येत नाहीत. इंजिन फिरत असून त्याचे ठोके संगणकाला मिळाले नाहीत की हा आकडा येतो. पण इंजिन बंदच होतं. संताजीरावांनी ते गुरुमूर्तीला गंमत म्हणून वाचून दाखवलं. म्हातारा हसला नाही. अंगठ्याने त्याने दिव्याच्या काचेवर विभूतीची रेघ ओढली, हात पुसले आणि लवकर घरी गेला.

तो गेल्यावरही दिवा चोवीसच सांगत राहिला. संताजीराव स्वतः बसले, तरी चोवीस. चावी काढली, बॅटरीची तार सोडली, तरी चोवीस. बुधवारचा सगळा दिवस तसाच गेला. गुरुवारी सकाळी चहाचा ग्लास घेऊन ते गाडीशेजारी उभे असताना दिवा क्षणभर विझला आणि परत लागला. एकदा. दोनदा. बारा. त्यांनी सवयीने घड्याळ पाहिलं. सात वीस.

पावणेआठला गुरुमूर्तीच्या सुनेचा फोन आला. मामा गेले, ती सासऱ्यांबद्दल म्हणाली, आत्ताच, पंचवीस मिनिटं झाली असतील. छातीत दुखतं म्हणून परवापासून पडून होते.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, असं संताजीराव स्मशानातून परतताना स्वतःशी म्हणाले. सत्तरीचा माणूस, दवाखान्याचं तोंड न पाहिलेला. शेडवर आल्यावर मात्र ते सीटवर बसले नाहीत. दार उघडून बाहेरूनच त्यांनी दिव्याकडे पाहिलं. विभूतीच्या रेघेआडून तो बारा सांगत होता.

गाडी रविवारी द्यायची होती. त्याआधी ओरगडमहून कोवलमच्या किनाऱ्यापर्यंत एक फेरी, आणि ही फेरी नेहमी हरिणीची. हरिणी त्यांची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची, कारखान्यात नव्या गाड्या चालवून तपासणारी. कान असा की एक सिलिंडर चुकला तरी तिला आधी कळे. स्वभाव शंभर टक्के बापाचा. संताजीरावांनी जगात कुणाचं कौतुक केलं असेल तर तिचंच, आणि तेही तिच्या पाठीमागे.

रविवारी नऊ वाजता ती सीटवर बसली. तिने आरसा नीट केला, चावी फिरवली.

दोनदा. चारदा.

संताजीराव खिडकीशी आले. पुस्तक उघडायची गरज नव्हती. ते तिला म्हणाले, उतर, आज राहू दे.

"काय म्हणून?" हरिणीने विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं. सांगायचं एवढंच होतं, की हा दिवा गुरुमूर्तीला असाच मिचकला होता. हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर टपरीवर आठवडाभर त्याची टिंगल करणारे पहिले ते असते. त्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, ब्रेक बघायचाय. तिने ब्रेक दाबून दाखवला. उत्तम होता. ते म्हणाले, मी चालवतो. तिने त्यांच्या डोळ्यातल्या मोतीबिंदूची आठवण करून दिली.

ते टपरीवर गेले, चार लिंबं मागून आणली आणि पुढच्या चाकाशी वाकले.

हरिणी खिडकीतून पाहतच राहिली. "अप्पा, तुमी? लिंबू?"

"गुरुमूर्ती ठेवायचा," ते म्हणाले.

"आणि तुमी त्याला अडाणी म्हणायचे." ती खाली उतरली, लिंबं गोळा करून तिने त्यांच्या हातात दिली. "सरबत करा." मग तिचं लक्ष दिव्याकडे गेलं. "याला भ्यालात काय? वायर कुठंय याला?"

"नाही वायर. मीटर लावला होता."

"मीटर काय दाखवलं?"

त्यांनी लिंबं डाव्या हातात घेतली.

"मीटर दाखवत नाही ते नसतंच. मज कोण शिकवलं?" असं म्हणत तिने डॅशबोर्डच्या मागे हात घातला, अर्धा आटा फिरवला आणि बल्ब काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "संपलं. येते."

ती गेली. निळी गाडी दोन कंटेनरच्या मधून वळून वंडलूरच्या रस्त्याला लागली. इंजिनाचा आवाज गोड होता, कुठे अडखळत नव्हता.

एका हातात लिंबं, दुसऱ्या हातात बल्ब, असे संताजीराव शेडच्या दारात उभे राहिले. बल्ब शेंगदाण्याएवढा, थंडगार.

तो मिचकला. दोनदा. चारदा.

लिंबं खाली पडली. त्यांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, अशी सवय तिला त्यांनीच लावली होती. त्यांनी परत लावला. परत. सहा वेळा.

आता सांगायची त्यांची तयारी होती. सगळं सांगायची, टपरीवर ओरडून सांगायची.

बल्ब शर्टाच्या खिशात टाकून त्यांनी स्कूटर काढली. किक बसेना. पांढऱ्या कापडातून उजेड दिसत होता. दोनदा. चारदा. सातव्या किकेला स्कूटर लागली. रस्त्याला ट्रकची रांग होती. ते एक पाय टेकून थांबले.

खिशातला उजेड विझला.

त्यांनी मान खाली केली नाही. समोरचा ट्रक गेला, त्याच्या मागचा गेला. रस्ता मोकळा झाला. मागच्याने हॉर्न दिला.

मग त्यांनी पाहिलं.

एकदा. थोडं थांबून, दोनदा.